‘मीच’, ‘मीही’ आणि इंग्रजी वाक्य
(सर्वनाम व क्रियाविशेषण यांच्या जोडीचा एक पाठ)

स्मरणिका म्हटली की संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि ताळेबंद ही यायचीच. त्यांच्या जोडीला मुलांच्या रोजच्या उपयोगाचे एखादे पान असावे, या हेतूने हा पाठ लिहीत आहोत. विषय लहान आहे. परंतु त्यात चुकले तर काय होते, हे आधी सांगितले पाहिजे.

समजा, एका शेतकऱ्याने सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही केली. पुढे विचारणा झाली, ‘ही सही कोणाची?’ त्याला सांगायचे आहे, ‘सही मीच केली.’ घरात इंग्रजी शिकलेला मुलगा एकच. त्याने उत्तर लिहिले : ‘आय ओन्ली साइन्ड.’ वाचणाऱ्याने याचा अर्थ घेतला, ‘मी फक्त सही केली, बाकी मला काही ठाऊक नाही.’ बापाने जबाबदारी पत्करली होती आणि कागदाने ती झटकली! मुलाला शब्दांचे अर्थ येत होते. त्याला एका शब्दाची जागा ठाऊक नव्हती, एवढेच.

ही चूक मुलांच्या मठ्ठपणातून होत नाही, हे पालकांनी प्रथम लक्षात घ्यावे. ठाणाकुशनूरच्या परिसरात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही बोली कानावर पडतच मूल मोठे होते. शाळेची आणि कचेरीची भाषा तर येथे पिढीगणिक बदलली. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत कारभार उर्दूचा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि औराद, भालकी यांसह आपला भाग म्हैसूर राज्यात आला. त्याच राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. इतक्या भाषा पचवलेल्या मुलाला इंग्रजीचा बाऊ वाटण्याचे कारण नाही. मात्र या तिन्ही भाषांत जी गोष्ट समान आहे, नेमकी तीच इंग्रजीत नाही.

ती गोष्ट अशी. आपण मराठीत ‘मीच’ म्हणतो, ‘मीही’ म्हणतो. गावाकडे ‘मी बी’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘नानु’ म्हणजे मी. ‘नाने’ म्हणजे मीच आणि ‘नानू’ म्हणजे मीही. दखनीत ‘मैं भी’ आहे आणि ‘मैंच’ही आहे, हा ‘च’ दखनीने मराठीकडूनच उचलला. म्हणजे तिन्हीकडे जोर देणारे अक्षर ज्या शब्दाचे, त्याच्या पाठीला चिकटते. आपल्या शालेय व्याकरणात अशा ‘च’ला आणि ‘ही’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. एकदा ते चिकटले की शब्द वाक्यात कोठेही हलवा, अर्थ त्याच्याबरोबर जातो. ‘सही मीच केली’ म्हणा की ‘मीच सही केली’ म्हणा, फरक पडत नाही.

इंग्रजीत असे चिकटणारे अक्षर नाही. तेथे ‘ओन्ली’, ‘ऑल्सो’, ‘टू’, ‘ईव्हन’ हे सुटे शब्द आहेत. सुटा माणूस कोणाच्या शेजारी बसला यावरून आपण त्याची सोबत ओळखतो. तसाच हा हिशेब आहे. पुढील चार वाक्ये मोठ्याने वाचावीत :

मीच त्याला पैसे दिले (दुसऱ्या कोणी नाही) — ओन्ली आय गेव्ह हिम मनी.
मी त्यालाच पैसे दिले — आय गेव्ह मनी ओन्ली टू हिम.
मी त्याला पैसेच दिले (धान्य नाही) — आय गेव्ह हिम ओन्ली मनी.
मी त्याला पैसे दिलेच — आय डिड गिव्ह हिम मनी.

मराठीत एक ‘च’ चार घरे फिरला. इंग्रजीत पहिल्या तीन वाक्यांत ‘ओन्ली’ने जागा बदलली, आणि चौथ्यात तर ‘ओन्ली’ला रजाच मिळाली, तेथे ‘डिड’ने जोर दिला. कारण आपल्या ‘च’चे अर्थ दोन आहेत : एक ‘फक्त’ आणि दुसरा ‘नक्की, दुसरे काही नव्हे’. इंग्रजी ‘ओन्ली’ला पहिलाच अर्थ ठाऊक आहे. म्हणून ‘सही मीच केली’ याचे नीट इंग्रजी ‘इट वॉज आय हू साइन्ड’ किंवा ‘आय साइन्ड इट मायसेल्फ’ असे होते.

‘आय ओन्ली केम’, ‘ॲट होम ओन्ली’ अशी बोलणी भारतभर ऐकू येतात, आणि भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून अभ्यासकांनी त्यांची दखलही घेतली आहे. आपसांत बोलताना त्यांनी काही बिघडत नाही. परंतु अर्जात, जबाबात आणि मुलाखतीत समोरचा माणूस आपल्या मनातला ‘च’ ऐकत नसतो. तो कागदावरचा ‘ओन्ली’ वाचत असतो.

आता ‘ही’कडे वळू. येथे आपल्या कानाची मोठी गंमत होते. इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपला मी नव्हे, तर ‘मला’. आपल्या ‘मी’ला तेथे ‘आय’ म्हणतात. इंग्रजी ‘ही’ म्हणजे ‘तो’. आणि ‘मी टू’ ऐकले की नवशिक्या मुलाला ‘मी आणि तू’ असा भास होतो! प्रत्यक्षात कोणी ‘आय लाइक टी’ म्हणाला आणि आपण ‘मी टू’ म्हटले, तर अर्थ होतो ‘मलाही’. कर्ता असूनही येथे ‘मी’ का, असे चौकस मुले विचारतात. उत्तर असे की, क्रियापद सोबत नसताना एकटे पडलेले सर्वनाम रोजच्या इंग्रजी बोलण्यात बहुधा ‘मी’, ‘हिम’ असे रूप घेते. क्रियापद आले की ‘आय’ परत येतो : ‘आय लाइक इट टू’ किंवा ‘सो डू आय’.

हा ‘सो’ वाक्याच्या आरंभी आला की सहायक क्रियापद पुढे सरते आणि सर्वनाम मागे राहते. सहायक कोणते, ते समोरच्याच्या वाक्यावरून घ्यावे :

‘आय ॲम टायर्ड.’ — ‘सो ॲम आय.’
‘आय कॅन स्विम.’ — ‘सो कॅन आय.’
‘आय वेंट देअर.’ — ‘सो डिड आय.’

समोरचा नकार देत असेल तर आपले ‘ही’ तसेच राहते : ‘मलाही ठाऊक नाही.’ इंग्रजीत मात्र ‘ऑल्सो’ निघून जातो. ‘आय ऑल्सो डोंट नो’ हे समजते, पण शोभत नाही. ‘नायदर डू आय’ किंवा ‘आय डोंट आयदर’ असे म्हणावे. दोन्ही एकत्र करून ‘आय डोंट नायदर’ म्हणू नये. तेथे नकार दोनदा होतो.

तिसरी जोडी क्रियापद आणि त्याच्यामागून येणाऱ्या ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘बॅक’ या छोट्या क्रियाविशेषणांची. ‘पंखा बंद कर’ याला ‘स्विच ऑफ द फॅन’ म्हणता येते आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ असेही म्हणता येते. पण पंख्याऐवजी ‘तो’ म्हणायचे झाले तर वाट एकच : ‘स्विच इट ऑफ’. ‘स्विच ऑफ इट’ असे होत नाही. तसेच ‘वेक मी अप’, ‘कॉल हिम बॅक’, ‘पुट इट ऑन’. सर्वनाम हे अंगाने हलके. त्याचा विषय ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. इंग्रजी वाक्य आपले शेवटचे आसन वजनदार शब्दासाठी राखून ठेवते आणि हलक्या सर्वनामाला क्रियापदाजवळ मध्ये बसवते.

येथे एक सावधगिरी ठेवावी. ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर मी’ यांतील ‘ॲट’ आणि ‘फॉर’ ही क्रियाविशेषणे नव्हेत; त्यांचा संबंध पुढच्या सर्वनामाशी आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. नाम मध्ये घालून पाहावे. ‘स्विच द फॅन ऑफ’ चालते. ‘लुक द बोर्ड ॲट’ कोणी म्हणत नाही. जेथे नाम मध्ये बसते, तेथे सर्वनामाने मध्येच बसावे.

बसथांब्यावर उपयोगी पडेल असे चौथे उदाहरण घेऊ. ‘ही बघा बस आली’ याला ‘हिअर कम्स द बस’ म्हणतात. ‘हिअर’ पुढे, क्रियापद मध्ये आणि बस शेवटी. पण बसऐवजी ‘ती’ म्हटले की लगेच क्रम फिरतो : ‘हिअर इट कम्स’. कारण पुन्हा तेच. जड नाम शेवटी बसते, हलके सर्वनाम बसत नाही.

राहिले ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘बहुधा’ हे शब्द. मराठीत ‘तो नेहमी उशिरा येतो’ आणि ‘नेहमी तो उशिरा येतो’ दोन्ही चालतात. इंग्रजीत यांची ठरलेली बैठक सर्वनाम आणि क्रियापद यांच्यामध्ये : ‘ही ऑल्वेज कम्स लेट’. क्रियापद ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ असेल तर त्याच्यामागे : ‘ही इज ऑल्वेज लेट’. सहायक असेल तर सहायकाच्या लगेच मागे : ‘ही हॅज नेव्हर कम लेट’. मात्र क्रियापद आणि कर्म असलेले सर्वनाम यांच्यामध्ये कोणाला घुसू देऊ नये. ‘आय लाइक व्हेरी मच इट’ चूक. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ बरोबर.

पाठ करायचे झाले तर एवढेच करावे : मराठीत शब्दाला अक्षर चिकटते, इंग्रजीत शब्दाला जागा चिकटते. भाषांतराला बसण्यापूर्वी आपल्या वाक्यातील ‘च’ कोणाच्या पाठीवर आहे आणि त्याचा अर्थ ‘फक्त’ आहे की ‘नक्की’, हे बोटाने दाखवावे. मग लेखणी उचलावी.

मुलांनी घरी करून पाहण्यासाठी पाच वाक्ये देत आहोत : १. मलाच बोलावले. २. तिलाही येत नाही. ३. दिवा लावला होता, तो विझव. ४. तो बघा, आला. ५. आम्ही नेहमी वेळेवर असतो. उत्तरे वरच्या पाठातच आहेत.

आपल्या मुलांना ‘च’चे बळ तीन भाषांतून मिळाले आहे. इंग्रजीसाठी ते टाकून द्यायचे नाही. त्याला योग्य जागी बसवायचे आहे. मग बापाचा शब्द कागदावर उतरताना बदलणार नाही. त्याने ‘मीच’ म्हटले असेल, तर कागदही ‘मीच’ म्हणेल.