जुन्या कॅमेऱ्याचा कापडी पडदा : रंग पुरे की नवे कापड?

कॅमेऱ्याच्या पोटात कापड असते, हे कापडाच्या धंद्यातील बंधूंनाही फारसे ठाऊक नसते. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकापासून सोव्हिएत झोर्की, फेड आणि जपानी पेंटॅक्स के-१००० पर्यंत अनेक कॅमेऱ्यांत फिल्मपुढे कापडाचे दोन पडदे धावतात. आज हौशी मंडळी रोलचे कॅमेरे पुन्हा वापरू लागली आहेत. त्यामुळे हे काम कारागिरांनी शिकून घेण्यासारखे आहे.

आम्ही कापडवाले म्हणून मूळ गोष्ट आधी सांगतो. उजेड अडवतो तो कापडावरचा रबरी लेप. नुसत्या विणीत ताण्याबाण्यामध्ये फट राहतेच. लेप म्हातारा झाला की रुळावर गुंडाळताना तडकतो. लायका, झोर्कीत आरसा नसतो. भिंग उघडे ठेवून कॅमेरा उन्हात राहिला, तर सूर्यकिरण एकवटून पडद्याला भोक पाडतात.

दोष कसा ओळखावा? फोटोच्या चौकटीत पांढरे ठिपके दिसले तर पडदा तपासावा. उजेडाचा पट्टा फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत पोहोचला असेल, तर दोष बहुधा मागच्या झाकणाच्या सीलमध्ये असतो. तपासणीसाठी भिंग काढावे, झाकण उघडावे आणि अंधारात पुढून बॅटरी मारून मागून पाहावे. आरशाचा कॅमेरा असल्यास आरसा कडेने हलकेच वर धरावा. शटर चढवून पाहिले की पहिला पडदा दिसतो, सोडल्यावर दुसरा. दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

भोके मोजकी असतील तर वाळल्यावरही लवचीक राहणारा काळा कापडी रंग बारीक ब्रशने पातळ लावावा. एक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. पूर्ण वाळेपर्यंत शटर चालवू नये, नाहीतर पडदा रुळाला चिकटतो. जाड थराने पडदा जड होतो आणि त्याचा वेग बिघडतो. नेलपॉलिश तर लावूच नये, ते तडकते.

सगळ्या पडद्यावर भेगा असतील तर रंगाने काम टिकणार नाही. मूळ जाडीचे रबरी लेपाचे कापड धाग्याच्या सरळ रेषेत कापून बसवावे. तिरक्या कापाचे कापड ताणले जाते. त्यानंतर शटरचा वेगही तपासून घ्यावा लागतो.

वाईट पडद्यावर रंग मारून कॅमेरा परत दिला, तर बिघाड दुकानात दिसत नाही. तो ग्राहकाच्या घरच्या लग्नाच्या फोटोत दिसतो, आणि ते लग्न पुन्हा होत नाही. म्हणून पडद्याची खरी हालत आणि खर्च कामाआधीच सांगावा. कारागिराची साख यातूनच बनते.