चि. कविताला



बचत गटाची सचिव तुला केलं, हे वहिनींकडून कळलं. बारावी शिकलीस म्हणून तुझ्या गळ्यात पडलं असणार. शिकलेली सचिव मिळाली की वही तिच्या घरी राहते आणि बाकीच्या नुसते अंगठे उमटवतात. तू तसं होऊ देऊ नकोस. वही बैठकीतच लिही आणि मोठ्यानं वाच. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना आकडे पाठ असतात, चूक त्याच पकडतील. १९९२ साली नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, तेव्हा बायकांकडे तारण ठेवायला काय होतं? ही वही आणि वेळेवरची परतफेड, एवढंच.

तुम्ही बाराजणी महिन्याला शंभर-शंभर टाकता, वर्षाचे १४,४०० होतात. घरातले पुरुष हसतील. पण रात्री पोराला दवाखान्यात न्यायची वेळ आली की सावकार शेकडा दहानं देतो, गट शेकडा दोननं. पाच हजारांवर महिन्याला पाचशेऐवजी शंभर व्याज, आणि ते शंभरही गटातच राहतात. सरकारच्या ‘उमेद’ अभियानाच्या ताई व्यवसायाला कर्ज घ्या म्हणतील. घ्या की, फक्त गावातल्या सगळ्याच गटांनी पापड लाटले तर खायचे कुणी, तेवढं आधी बघा. आणि आजारपणाला दिलेलं कर्ज वाया गेलं, असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. दावणीची शेळी विकावी लागली नाही, ही कमाईच आहे.

फायनान्स कंपन्यांच्या गटांपासून मात्र लांब राहा. तिथं पैसा आपला नसतो. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरायची सवय लागते. आंध्रात २०१० साली हे इतकं टोकाला गेलं, की सरकारला अध्यादेश काढावा लागला.

एका गोष्टीचा मला राग आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना आपल्याकडचे गट घेत नाहीत. सहा-सहा महिने बैठकीला येत नाहीत, हप्ता बुडवतील, म्हणे. मग गरिबी हटवायची ती कुणाची? मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या बाईलाच गटाची गरज जास्त. तिची बचत उचल मिळाल्यावर आगाऊ घ्या, किंवा परत आल्यावर एकदम घ्या; गैरहजेरीचा दंड लावू नका. तसा ठराव वहीत लिहा, आणि टोळ्या निघायच्या आत, दसऱ्याच्या आधीच लिहा.

तुझी
आत्या