बांधाला भोक नको

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला होता. आता दुसरा राहू दे. आळीतल्या सगळ्या पोरांना टोचलंय, मग गोवर येतोय कुठून?"

कर्जत लोकलनं येतोय, बाई! 2022 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडीला गोवर उसळला, तो भिवंडी, मालेगावातही दिसला. पोरं दगावली. आपण काय मुंबईपासून लांब आहोत?

गोवराचा एक रोगी लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांना तरी दोन्ही डोस हवेत. मग रोगाला पुढचं घर सापडत नाही, आणि ज्यांना टोचता येत नाही तेही वाचतात. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. तुझ्या जावेचं बाळ पाच महिन्यांचं. त्याला नऊ महिने पुरे होईपर्यंत लस नाही. तोवर त्याची ढाल म्हणजे तुझाच लेक.

भाताच्या खाचराचा बांध आठव. सगळा बांध धड असतो, पण खेकड्यानं एक बीळ केलं की रात्रीत खाचर रिकामं. तालुक्याचा आकडा चांगला दिसला तरी एखाद्या वाडीत अशी बिळं राहतात. आपल्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. डोसची तारीख नेमकी त्यात गेली, की पोर राहिलंच. त्यांना नावं ठेवू नकोस. तुझ्या दारावरून तर आशाताई जाते, तरी तू टाळतेसच ना?

आणि दुसऱ्यांच्या लसीवर दर वेळी निभावतही नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतून जखमेत शिरतो. तिथं ज्याची लस त्यालाच कामाची.

लसीनंतरचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. जास्त वाटलं तर डॉक्टरांना दाखव. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा. उशीर झाला असला तरी पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो, तोही फुकट. तांदळाच्या डब्यात ठेवलेलं लसीचं कार्ड आजच काढ, आशाताईला लसीकरणाचा वार विचार. आणि जाताना शेजारच्या वीटभट्टीवरच्या बायांनाही हाक मार. त्यांची पोरं तुझ्याबरोबर आली, तर बांध खरा भरला.