चिपाडांचा जाळ

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका कृष्णा नदीच्या काठी वसला आहे. तेथे द्राक्षांचे मळे आहेत, तसेच उसाचे फडही आहेत. उसापासून गूळ व साखर होते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु रस काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या चिपाडांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक ही चिपाडे नसती, तर गूळ करणे शेतकऱ्यास कधीच परवडले नसते.

पूर्वी हिवाळा लागला, की या भागात गुऱ्हाळे सुरू होत. बैल चरक ओढीत. आरंभी हे चरक लाकडी असत. पुढे लोखंडी चरक आले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभारला. तीच आजची पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी होय. तेथे लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही तयार होत.

चरकातून निघालेला रस भल्या मोठ्या काहिलीत ओतीत. काहिलीखाली जमिनीत खणलेले चुलवाण असे. रसात बहुतांश पाणीच असते; ते सारे आटविल्यावाचून गूळ होत नाही. एक हजार किलो उसापासून गूळ मिळतो तो सुमारे शंभर किलो. एवढे पाणी आटवावयाचे, तर जळण केवढे लागेल! बाहेरून लाकूड आणावयाचे म्हटले असते, तर आसपासची झाडे काही वर्षांतच संपली असती. परंतु ऊस आपले जळण आपल्याबरोबरच घेऊन येतो. चरकातून बाहेर पडलेली चिपाडे उन्हात पसरीत आणि वाळली, की तीच चुलवाणात घालीत. ओली चिपाडे जाळली, तर बरीचशी उष्णता त्यांच्यातील पाणी उडविण्यातच खर्ची पडते, धूर होतो आणि काहील तापत नाही. भेंडीचे पाणी घालून मळी काढणारा व चाचणी पाहणारा गुळव्या सर्वांच्या नजरेत भरे. पण चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ सारखा राखणाऱ्याचे काम त्याहून सोपे नव्हते.

साखर कारखान्यात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तेथे चिपाडांचा भुगा होतो. त्यास 'बगॅस' असे म्हणतात. एक हजार किलो उसापासून साधारणतः २७० ते ३०० किलो बगॅस निघते आणि तिच्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. ती बॉयलरमध्ये जाळून वाफ तयार करतात. ही वाफ प्रथम टर्बाइनची पाती फिरविते व त्यातून वीज निर्माण होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत पुष्कळ उष्णता शिल्लक असते. तिच्यावर रस आटविला जातो. एकाच वाफेकडून अशी दोन कामे करून घेण्यास सहवीजनिर्मिती म्हणतात. जुन्या बॉयलरांत वाफेचा दाब कमी असे आणि कारखान्याची गरज जेमतेम भागे. आता दाब कितीतरी पटींनी वाढविता येतो. त्यामुळे तेवढ्याच बगॅसपासून अधिक वीज मिळते आणि उरलेली वीज विकता येते. पलूस तालुक्यातीलच कुंडल येथील सहकारी साखर कारखान्याला स्वातंत्र्यसैनिक क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचे नाव दिलेले आहे. तेथेही अशी वीज तयार होते.

दगडी कोळसा जाळला काय आणि बगॅस जाळली काय, कार्बन डायऑक्साइड वायू दोहोंतूनही बाहेर पडतो. मग दोहोंत भेद तो कोणता? कोळशातील कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला असतो. बगॅसमधील कार्बन उसाने बारा ते अठरा महिन्यांतच हवेतून घेतलेला असतो, आणि पुढील पीक तो पुन्हा घेते. म्हणूनच बगॅस पुन्हा पुन्हा मिळणारे इंधन ठरते.

या इंधनाला ऋतूची मर्यादा आहे. कारखान्याचा गळीत हंगाम हिवाळ्यात असतो. पावसाळ्यात तो बंद राहतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांना भरपूर वारा मिळतो, तो मात्र पावसाळ्यात! एकाची विश्रांती ती दुसऱ्याची सुगी, असा हा योग आहे. शिवाय बगॅसचे ढीग रचून ठेवता येतात. वाऱ्याची अशी गंजी घालता येत नाही.

उसाचे सारेच अवशेष मात्र जाळण्याजोगे नसतात. तोडणीनंतर फडात वाळक्या पानांचा थर राहतो, तो पाचट होय. पुष्कळ ठिकाणी फड लवकर मोकळा व्हावा, म्हणून तो पेटवून देतात. त्या आगीवर ना रस आटतो, ना वीज निघते. जमिनीतील उपयुक्त जीवजंतू मात्र होरपळतात. तोच पाचट खोडव्याच्या सरीत पसरून ठेवला, तर ओल टिकते, तण कमी उगवते आणि काही महिन्यांत त्याचे खत होऊन ते जमिनीत मिसळते.