रुग्णालयातील मृत्यू : प्रमाणपत्रावरील कारण आणि त्यापलीकडचे

रुग्णालयात झालेल्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी भरावयाचा एक महत्त्वाचा कागद म्हणजे मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. मृत्यू प्रत्यक्ष कशाने ओढवला, ती अवस्था कोणत्या विकारामुळे निर्माण झाली आणि या साखळीच्या मुळाशी कोणता रोग होता, हे त्यात क्रमाने लिहावयाचे असते. 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू' एवढीच नोंद निरुपयोगी ठरते. कारण हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ते का बंद पडले, हे आरोग्य नियोजनाला हवे असते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये या प्रमाणपत्राची तरतूद आहे. तथापि, २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. त्यांत ३२.१ टक्के मृत्यू हृदय व रक्ताभिसरण संस्थेच्या विकारांचे होते आणि कारणांच्या यादीत हाच गट प्रथम क्रमांकावर होता. २०२३ च्या दुरुस्तीने असे प्रमाणपत्र देणे सर्व वैद्यकीय संस्थांवर बंधनकारक झाले असून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावयाची आहे.

प्रमाणपत्र रोगाचे नाव सांगते. रुग्ण किती तासांनी रुग्णालयात पोहोचला, त्याला कोणते उपचार मिळाले आणि कोणते परवडले नाहीत, हे मात्र त्यावरून कळत नाही. ही उणीव भरून काढणारे एक महत्त्वाचे काम बंगळुरूमध्ये झाले.

वीस हजार रुग्णांची नोंदवही

बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. डेनिस झेवियर, डॉ. प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्रिएट' या नावाने हृदयविकाराच्या रुग्णांची देशव्यापी नोंदवही तयार केली. ५० शहरांतील ८९ रुग्णालयांमधील २०,९३७ रुग्ण तीत समाविष्ट झाले. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

रुग्णांचे सरासरी वय ५७.५ वर्षे होते. निश्चित निदान झालेल्यांपैकी ६०.६ टक्के रुग्णांना 'स्टेमी' या गंभीर प्रकारचा झटका आला होता. या प्रकारात हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी सहसा गुठळीमुळे पूर्णपणे बंद होते व तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मिनिटागणिक मरू लागतो. अशा रुग्णांपैकी ८.६ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. इतर प्रकारांत हे प्रमाण ३.७ टक्के होते.

घर ते रुग्णालय : सहा तास

लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत गेलेल्या वेळेचा मध्यांक ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास होता. रुग्णालयात आल्यानंतर गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत मात्र ५० मिनिटे लागत होती. म्हणजेच बहुतांश विलंब रुग्णालयाच्या दाराबाहेर होत होता. छातीतील कळ पित्ताची समजणे, सकाळ होण्याची वाट पाहणे, वाहन न मिळणे, आधी जवळच्या दवाखान्यात जाणे अशा कारणांनी तास निघून जातात. हे औषध पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. पुढे त्याचा लाभ झपाट्याने घटतो. जे वाटेतच दगावतात, ते तर रुग्णालयाच्या आकडेवारीत येतच नाहीत.

उपचारांतील दरी

अभ्यासाचा सर्वांत विचारप्रवर्तक भाग रुग्णांच्या आर्थिक स्थितीविषयी आहे. गरीब रुग्णांमध्ये ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ८.२ टक्के, तर श्रीमंत रुग्णांमध्ये ५.५ टक्के होते. अँजिओप्लास्टी १५.३ टक्के श्रीमंतांवर झाली. गरिबांमध्ये हे प्रमाण केवळ २ टक्के होते. बायपास शस्त्रक्रियेचे प्रमाण अनुक्रमे ७.५ आणि ०.७ टक्के होते. ही दरी महागड्या शस्त्रक्रियांपुरती मर्यादित नव्हती. रक्तातील चरबी कमी करणाऱ्या साध्या गोळ्याही ६१.२ टक्के श्रीमंतांना मिळाल्या, तर गरिबांपैकी ३६ टक्क्यांनाच.

गरीब रुग्ण मुळातच अधिक आजारी असल्यामुळे दगावले असावेत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. संशोधकांनी ती तपासून पाहिली. रुग्णांची मूळ प्रकृती व जोखमीचे घटक हिशेबात घेतल्यानंतरही मृत्यूदरातील तफावत कायम राहिली. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर मात्र ती नाहीशी झाली. सारांश, रोग तोच होता; फरक उपचारांचा होता.

नंतरची पावले

त्यानंतर परिस्थितीत काही बदल झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळू लागले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे.

अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २०२१ मध्ये बंगळुरू येथे वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. कर्नाटकाने त्यांच्या नावाने हृदयज्योती योजना सुरू केली. तालुका रुग्णालयात काढलेला हृदयालेख बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांनी तपासावयाचा आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तालुक्यातच विनामूल्य द्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. सहा तासांची वाट कमी करण्याचा हाच व्यवहार्य मार्ग आहे.

विमा योजना रुग्णालयातील खर्चाचा भार हलका करतात. घर ते रुग्णालय हे अंतर त्या कमी करीत नाहीत. त्यासाठी लक्षणांची ओळख, तत्पर वाहन आणि तालुका पातळीवरील सज्जता आवश्यक आहे. छातीच्या मध्यभागी दाब किंवा कळ, ती डाव्या हातात वा जबड्यात पसरणे, घाम सुटणे, श्वास अडणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला हृदयालेखाची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. प्रमाणपत्रावर रोगाचे नाव तेवढे लिहिले जाईल. परंतु विलंब आणि दारिद्र्य ही त्यामागची कारणे दूर करण्याजोगी आहेत, हेच या अभ्यासाचे सांगणे आहे.