वजन उतरवायचे आहे? मग घाई नको!

‘डॉक्टर, महिन्यात दहा किलो उतरवून द्या. मुलीचं लग्न आहे.’ अशी मागणी घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. पूर्वी मी त्यांना लांबलचक उपदेश करीत असे. आता माझीच गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझे वजन ८६ किलो आणि पोटाचा घेर १०२ सेंटिमीटर होता. वडिलांना मधुमेह होता, तरी स्वतःची तपासणी मी टाळत आलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! अखेर सौभाग्यवतींच्या आग्रहाने रक्त दिले. उपाशीपोटी साखर निघाली ११८. ती १०० च्या आत हवी. १२६ च्या पुढे गेली की मधुमेह. म्हणजे मी वेशीवर येऊन उभा होतो.

घाबरून मी रात्रीचे जेवणच सोडले. पंधरा दिवसांत चार किलो उतरले, पण चिडचिड वाढली आणि पुतण्याच्या लग्नानंतर दोन महिन्यांत सगळे परत आले. उपासमारीत सुरुवातीला उतरते त्यात पाणी बरेच असते, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शरीर खर्च आखडते, भूक मात्र वाढवते. मग माणूस हरतो आणि दोष स्वतःच्या निश्चयाला देतो.

दुसऱ्या खेपेस मी एका वेळी एकच बदल करायचा आणि तो अंगवळणी पडल्यावरच पुढचा घ्यायचा, असे ठरवले.

चहा : दिवसाचे पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. म्हणजे दहा चमचे, सुमारे ५० ग्रॅम, २०० उष्मांक. दोन पोळ्यांइतके झाले! दोनाचा एक चमचा केला, महिन्याने अर्धा. पहिला आठवडा चहा बेचव लागला. आता पूर्वीचा चहा घशाखाली उतरत नाही.

तेल : एका ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात. माणशी महिन्याला साधारण ६०० ग्रॅम पुरे. आम्हा चौघांना पाच लिटरचा डबा महिनाभर कसाबसा पुरत असे. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तेल मी ओतते खरी, पण तर्री कोणाला लागते?’ त्याला उत्तर नव्हते. आता तेल चमच्याने मोजून पडते.

ताट : एक पोळी व निम्मा भात कमी केला. त्या जागी उसळ, घट्ट वरण आणि कोशिंबीर आली. पोट भरते, भूक उशिरा लागते. भगिनींना एक विनंती : मुलांच्या ताटात उरलेले ‘वाया जाऊ नये’ म्हणून आपल्या पोटात ढकलू नका. उपवासाचेही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर तूप आणि दाण्याचे कूट. एकादशी अन् दुप्पट खाशी!

चालणे : दवाखान्यात स्कूटरऐवजी पायी जाऊ लागलो. जाता-येता मिळून अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशा वेगाने आठवड्यातून पाच दिवस चालावे.

वर्षभरात वजन ८० वर आले; महिन्याला सरासरी अर्धा किलो. मी सडपातळ झालो नाही, पण उपाशीपोटीची साखर ९७ झाली आणि जिना चढताना लागणारी धाप थांबली. वजन आजही ८०–८१ च्या आसपास आहे.

सहा किलोंनी काय होते, असे वाटेल. पण ७ टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढ्या उद्दिष्टाने मधुमेहाच्या वेशीवरील लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे ३ वर्षांत ५८ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात दिसले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील अभ्यासातही आहार व चालण्यातील बदलांचा फायदा आढळला.

काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी उभे राहा. पोटही मोजा, श्वास आत न ओढता! पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राहावे.

मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. चालताना छातीत दुखले तर थांबा आणि लगेच तपासून घ्या. आणि काहीच न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका, दवाखाना गाठा.

वाचकहो, हे वजन वर्षानुवर्षे चढत आले. उतरायलाही त्याला थोडा वेळ द्या. आजच्या संध्याकाळच्या चहात एक चमचा साखर कमी घाला. सुरुवातीला एवढेच पुरे.