खाऱ्या पाण्याची लहान मत्स्यपेटी : मासे सोडण्यापूर्वींची मशागत

हौसेनें काचेची पेटी आणावी, तींत समुद्राचें पाणी भरावें, त्याच दिवशीं रंगीत मासे सोडावे आणि आठ-पंधरा दिवसांत ते एकामागून एक मरावे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं घडतो. पाणी तर निर्मळ दिसतें. मग मासे कां मरतात? याचें उत्तर शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाहीं. जी क्रिया त्याच्या जमिनींत नित्य चालते, ती या नव्या पेटींत अद्याप सुरूच झालेली नसते.

मासा कल्ल्यांवाटें अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें खाद्य कुजूनही तोच निघतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारें ८.२ असल्यामुळें त्यांत अमोनियाचा विषारी अंश साधारण गोड्या पाण्यापेक्षां अधिक राहतो. जमिनींत अशा अमोनियाचें नायट्रेट होतें तें सजीव जंतूंमुळें, हें श्लेझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं दाखविलें. या जंतूंचे भाऊबंद समुद्रांतही आहेत. एक वर्ग अमोनियाचें नायट्राईट करतो. दुसरा नायट्राईटाचें नायट्रेट करतो, आणि तें थोड्या प्रमाणांत बहुतेक माशांस बाधत नाहीं. वाळूवर व दगडांवर या जंतूंची वस्ती बसविणें हीच पेटीची खरी मशागत होय.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. पेटींत ५० लिटर पाणी मावतें असें धरूं. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढून टाकावा, कारण तो जंतूंचा नाश करतो. मत्स्यपेटीसाठीं मिळणारें समुद्री मीठ दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण पावणेदोन किलो, विरघळवावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. त्यांत समुद्रांतील इतर क्षार योग्य प्रमाणांत नसतात. विशिष्ट गुरुत्व १.०२५ व उष्णमान २५ ते २७ अंश सेंटिग्रेड ठेवावें. या जंतूंस प्राणवायु लागतो. म्हणून पाणी खेळविणारा पंप रात्रंदिवस चालू असावा.

एखाद्या जुन्या, निरोगी पेटींतील मूठभर वाळू किंवा दगड मिळाल्यास तो विरजणासारखा उपयोगी पडतो. समुद्रांतील प्रवाळ मात्र तोडून आणूं नये; आपल्या देशांत तें कायद्यानें मना आहे.

जंतूंस खाद्य म्हणून शुद्ध नवसागर ०.३ ग्रॅम घालावा. त्यानें दर लिटरास सुमारें २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. शुद्ध नवसागर न मिळाल्यास सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा कुजत ठेवावा. कांहीं लोक या कामीं एखादा काटक मासाच सोडतात. त्या मुक्या प्राण्यास विषांत ठेवण्याचें कांहींच कारण नाहीं.

दर दोन-तीन दिवसांनीं रंगपरीक्षेनें पाणी तपासून वहींत नोंद करावी. प्रथम अमोनिया दिसेल. मग तो उतरून नायट्राईट चढेल. शेवटीं तेंही उतरून नायट्रेट राहील. मध्यंतरीं अमोनिया संपल्यास नवसागराची मात्रा पुन्हा द्यावी. या सर्वांस बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मात्रा दिल्यापासून २४ तासांत अमोनिया व नायट्राईट दोन्ही शून्यावर आलीं, म्हणजे पेटी तयार झाली असें समजावें.

त्यानंतर निम्में पाणी बदलावें आणि प्रथम एक-दोनच लहान मासे सोडावे. जंतूंची संख्या खाद्याच्या मानानें वाढते. एकदम मासे वाढविल्यास अमोनिया पुन्हा सांचतो. वाळू व दगड क्लोरीनयुक्त पाण्यानें कधींही धुऊं नयेत.

काढलेल्या पाण्यांत नायट्रेट आहे, म्हणून तें शेतांत किंवा झाडांस घालण्याचा मोह कोणासही होऊं नये. त्यांतील मिठानें जमीन खारावते.

न कुजलेलें शेणखत उभ्या पिकांत घालून घाई करणाऱ्याचें काय होतें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तोच धीर येथेंही धरावा. पाण्याचा निर्मळपणा डोळ्यांस दिसतो, पण त्याची तयारी परीक्षेनेंच कळते.